सुरीला पाणी द्यावं कसं आणि घासताना ते राखावं कसं

माझ्या पहिल्या सुरीचा शेवट ‘टिंग’ अशा एका बारीक आवाजात झाला. गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून आठ दिवस कानशीने घासून काढलेलं पातं कोळशात लालभडक केलं आणि बादलीतल्या थंड पाण्यात बुडवलं. बाहेर काढून पुसलं, तर धारेपासून पाठीकडे केसाएवढी काळी रेघ गेलेली. दुसरी सुरी तेलात नीट कडक झाली, पण घासताना घाई केली आणि टोकाकडचं बोटभर पोलाद डोळ्यांदेखत निळं पडलं. दोन्ही सुऱ्या गावातल्या लोहारांना दाखवल्या. पहिली बघून ते म्हणाले, “पाट्याला पाणी सोसत नाही, तेल पाजायचं.” दुसरीवर कानस फिरवून परत देत म्हणाले, “हिचं पाणी उतरलंय.”

आपल्याकडे पोलाद कडक करण्याला पाणी देणं म्हणतात, मग ते तेलात का बुडवलेलं असेना. भट्टीत पाणी नीट द्यायचं आणि नंतर ग्राइंडरच्या फिरत्या पट्ट्यावर घासताना ते उतरू द्यायचं नाही, सुरीचं सगळं एवढ्यावर उभं असतं. आकार आणि चकाकी मागाहून सुधारता येते. पाणी बिघडलं तर मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

खाली सांगतो ती रीत स्वयंपाकघरातल्या एका सुरीची आहे. पातं १३० मिमी लांब, ३५ मिमी रुंद, पाठीला साधारण ३ मिमी जाड. सुरुवात घरगुती सुरीनेच करा. शस्त्रांच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा वेगळा विचार केलेला आहे आणि घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. हौसेखातर खंजीर-तलवारीच्या वाटेला जाऊ नये.

पोलाद

पोलाद कडक होतं ते त्यातल्या कार्बनमुळे. ग्रिलच्या पट्टीत किंवा अँगलमध्ये कार्बन ०.२ टक्क्याच्या आसपास असतो. ती कितीही लाल करून बुडवली तरी कानस तिच्यावर चालतच राहते. ईएन-८ या जातीच्या पोलादात ०.४ टक्के, तोही सुरीला कमीच. गाडीच्या पाट्याचं पोलाद ०.५ ते ०.६५ टक्क्यांचं. ते चिवट असतं, तेलात कडक होतं आणि थोडीफार चूक पोटात घालतं. बेअरिंगचं ईएन-३१ धारेला अप्रतिम. त्यात १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम. पण ते ठरावीक तापमानाला दहा-एक मिनिटं स्थिर धरावं लागतं, आणि कोळशाच्या भट्टीत नुसत्या नजरेने ते साधत नाही. ते हात बसल्यावर घ्या.

भंगारातला जुना पाटा स्वस्त मिळतो, पण लाखो हिसके खाऊन त्यात न दिसणाऱ्या चिरा पडलेल्या असू शकतात. पाटे बसवणाऱ्या गॅरेजमधून नव्या पाट्याचा कापून उरलेला तुकडा मागा. तो ६ ते ८ मिमी जाड असतो, म्हणून लोहारांकडून ४ मिमीची पट्टी ओढून घ्या. चार पैसे जातील, पण ग्राइंडरवरचे दोन दिवस वाचतील. सुरीपुरती पट्टी घेऊन थांबू नका. त्याच पट्टीचे बोटाएवढे चार तुकडे जास्तीचे हवेत. ते कशासाठी, ते पुढे येईल.

पट्टी मऊ करायला ती लाल करून कोरड्या, चाळलेल्या राखेत पुरा आणि सकाळपर्यंत हात लावू नका. मग तिला कानस लागते, ड्रिल चालतं. चांगल्या कानशी, पट्टे आणि ड्रिल पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हाताळून घेता येतात. कानशीत काटकसर करू नका. बोथट कानस हातही दुखवते आणि कामही बिघडवते.

पाणी देण्याआधीची घासणी

आकार कापून झाला की धारेच्या कडेला निळा मार्कर फासा. आता पट्टी जेवढी जाड तेवढ्याच व्यासाचं ड्रिल घ्या, ते आणि पातं सपाट काचेवर आडवं ठेवा आणि ड्रिलच्या टोकाने कडेवर रेघ ओढा. पातं उलटून पुन्हा ओढा. रेघ बरोब्बर मध्यावर येते. किंचित हुकली असेल तर दोन समांतर रेघा दिसतील, त्यांच्या मधला भाग म्हणजे तुमचा मध्य. ही रेघ नसेल तर एक बाजू जास्त घासली जाते आणि पुढे तेलात पातं वाकडं होतं.

दोन्ही बाजूंनी उतार घासत आणा, पण धार काढू नका. कडेला १ मिमी जाडी शिल्लक ठेवा. पातळ कड तेलात लाटेसारखी वळते किंवा तडकते, शिवाय भट्टीत वरच्या कातडीतला कार्बन जळून जातो. ती मऊ साल नंतर घासून काढायला मांस उरलं पाहिजे.

मुठीच्या रिव्हेटची भोकं आत्ताच पाडा. पातं आणि मूठ मिळतात तो आतला कोपरा काटकोनात ठेवू नका, गोल कानशीने वळवा. शेवटी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवे ओरखडे उभे करा, म्हणजे पाठीला समांतर. धारेला आडवा खोल ओरखडा राहिला तर चीर तिथूनच सुरू होते. माझं पहिलं पातं फुटलं त्याला थंड पाणी कारण होतं, पण रेघ निघाली होती कानशीच्या अशाच एका ओरखड्यातून.

अँगल ग्राइंडरची हौस इथेच भागवून घ्या. पाणी दिल्यावर तो पात्याच्या जवळही आणायचा नाही.

भट्टी आणि नजर

विटांचा छोटा कोनाडा, लाकडी कोळसा आणि हवेसाठी हातभाता किंवा लहान ब्लोअर पुरतो. पातं थेट निखाऱ्यात खुपसू नका. साधारण ५० मिमी व्यासाचा साध्या लोखंडाचा पाइप निखाऱ्यात आडवा ठेवा आणि पातं त्या पाइपात तापवा. हवेचा झोत थेट लागत नाही, उष्णता चारी बाजूंनी सारखी मिळते आणि आत बघताही येतं. पाइप गॅल्व्हनाइज्ड नको. तापल्यावर जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो माणसाला आजारी पाडतो.

हे काम संध्याकाळी, आडोशाला करा. पोलादाचा रंग भर उन्हात वेगळा दिसतो आणि अंधारात वेगळा, म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नये. मी तीन खुणा पाहतो.

पहिली खूण चुंबकाची. साधारण ७७० अंशांच्या आसपास पोलाद चुंबकाला चिकटणं सोडतं. दांड्याला बांधलेला चुंबक पात्याला क्षणभर लावून बघा. दुसरी खूण मिठाची. स्वयंपाकघरातलं मीठ ८०१ अंशांना वितळतं. कोरडं मीठ चिमूटभर एका लोखंडी पट्टीच्या टोकावर घेऊन पाइपात पात्याशेजारी ठेवा. दाणे विरून पाण्यासारखा चकाकता थेंब झाला की ८०० पार झाले. पाट्याच्या पोलादाला एवढंही पुरत नाही. त्याला ८५० च्या वरचा मुक्काम, फार तर ८७० पर्यंतचा. म्हणजे मीठ वितळल्यावर रंग आणखी एक छटा उजळू द्यायचा.

तिसरी खूण बघायला मिळते तेव्हा मी अजूनही श्वास रोखतो. पातं तापत असताना एका टप्प्यावर त्याच्या लाल अंगावरून काळसर सावल्या सरकायला लागतात. पोलाद त्या वेळी आतली घडण बदलत असतं आणि त्यासाठी उष्णता पिऊन घेतं, म्हणून तेवढा भाग शेजारच्यापेक्षा अंधारा दिसतो. सावली आधी पातळ धारेवर येते, मग हळूहळू पाठीकडे चढते आणि पाठीच्या जाड भागात काही क्षण रेंगाळते. ती पूर्ण विरली आणि पातं टोकापासून मुठीपर्यंत एकाच रंगाचं झालं, म्हणजे घडण सगळीकडे बदलली. टोक लवकर तापतं, तेव्हा पातं पुढेमागे करत राहा. टोक पिवळं पडू लागलं तर तापमान फार पुढे गेलंय. पातं बाहेर काढून निवू द्या आणि पुन्हा पहिल्यापासून तापवा.

आधी तीन वेळा नुसतं तापवून निववा

पट्टी ठोकून ओढलेली असते, तिच्या आत ताण असतो आणि कण मोठे झालेले असतात. त्यासाठी नॉर्मलायझिंग. पातं ८७० च्या आसपास नेऊन वाऱ्याचा झोत नसलेल्या हवेत लटकवा, काळं पडेपर्यंत थांबा. दुसऱ्यांदा थोडं कमी तापवा, तिसऱ्यांदा सावल्या विरल्या की लगेच बाहेर. दर वेळी पाठीवरून एका डोळ्याने बघा आणि वाक दिसला तर लाल असतानाच लाकडावर सरळ करा.

आता ते जास्तीचे तुकडे. पात्याला हात लावण्याआधी एका तुकड्याचं नॉर्मलायझिंग करा, तापवून तेलात बुडवा, शेगड्यात (बाकावरच्या व्हाइसमध्ये) धरून हातोड्याने मोडा. डोळ्यांवर चष्मा आणि तुकड्यावर फडकं असू द्या, कारण तो काचेसारखा उडतो. मोडलेली कड उजेडात धरा. ती राखाडी, मऊसर, मखमलीसारखी दिसली तर तापमान बरोबर आलं. साखरेच्या दाण्यांसारखी चमचमली तर जास्त तापलं. तुकडा मोडण्याऐवजी वाकलाच, तर तापमान कमी पडलं किंवा पोलादच कामाचं नाही. तीन-चार तुकड्यांत तुमची भट्टी आणि तुमची नजर यांचा मेळ बसतो. ज्यांची पाती फुटतात त्यांतल्या बहुतेकांनी हे तुकडे मोडलेले नसतात, मीही मोडले नव्हते.

तेल

सूर्यफूल किंवा सोयाबीनचं तेल, तीन-चार लिटर, उभट स्टीलच्या डब्यात. डब्याला घट्ट बसणारं झाकण हवं. जुनं इंजिन ऑइल फुकट मिळतं म्हणून वापरू नका, त्याचा धूर छातीला वाईट. तेल आधी ५०-६० अंशांपर्यंत गरम करा. लोखंडाचा एखादा तुकडा लाल करून त्यात सोडला तरी चालतं. गरम तेल पातळ होतं, पात्याला झटकन भिडतं आणि उष्णता लवकर ओढून घेतं. थंड, दाट तेल मागे राहतं.

पाणी मात्र पात्याभोवती वाफेचं कवच करतं, ते कुठे टिकतं कुठे फुटतं, आणि एकाच पात्याचा एक भाग आधी आक्रसतो. पाट्याचं पोलाद मुळात सावकाश थंड करूनही कडक होणारं. त्याला तो झटका सोसत नाही. लोहारांच्या वाक्याचा अर्थ मला पुढे हे वाचून, करून कळला.

भट्टीपासून डब्यापर्यंतचं अंतर एका पावलाचं ठेवा. सावल्या विरल्या, एक छटा उजळली की सांडशीने बाहेर काढा आणि टोक खाली करून सरळ, एका दमात मुठीपर्यंत बुडवा. अर्धवट बुडालं तर तेलाच्या तोंडाशी ज्वाळा उठते. आत वर-खाली किंवा धारेच्या दिशेने हलवा. बाजूला हलवलंत तर एक अंग आधी थंड होऊन पातं वाकेल. मनात दहा मोजून बाहेर काढा. तेल धुमसत असतं, पण पेटत नाही, अशा अवस्थेत पुढचं पाऊण-एक मिनिट पातं अजून थोडं ऐकतं. जाड चामडी हातमोज्यात धरून वाक सरळ करायचा तर तेव्हाच. पूर्ण थंड झाल्यावर वाकवायला जाल तर मोडेल.

तेल पेटलंच तर झाकण. पाणी कधीही ओतायचं नाही. अंगात सुती कपडे, जवळ वाळूची बादली आणि हाकेच्या अंतरावर दुसरं माणूस, एवढी तयारी झाल्याशिवाय भट्टी पेटवू नका.

गार झाल्यावर धारेवर कानस फिरवा. काचेवरून घसरावी तशी घसरली आणि किणकिणीत आवाज आला की पाणी बसलं. चावली तर घाबरू नका, दोन-चार हात मारा. वरची मऊ साल गेल्यावर घसरू लागली तरी ठीक आहे.

टेम्परिंग

या घडीला पातं काचेइतकं ठिसूळ असतं. फरशीवर पडलं तर दोन तुकडे. रात्रभर तसंच ठेवू नका, तासाभरात टेम्परिंगला, म्हणजे हलक्या आचेवर तापवून ठिसूळपणा कमी करायला घ्या. पॉलिश पेपरने एक बाजू चकचकीत करा म्हणजे रंग दिसेल.

घरातला ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन चालतो, पण त्याच्या बटणावरचा आकडा प्रमाण मानू नका. आतलं तापमान सारखं वर-खाली होत असतं. एका ट्रेमध्ये कोरडी वाळू भरा, ओव्हन थर्मामीटर ठेवा, अर्धा तास आधी गरम करा आणि थर्मामीटर २१० ला स्थिरावल्यावर पातं वाळूवर ठेवा. दोन तास. बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्या, मग पुन्हा दोन तास.

चकचकीत बाजूवर फिकट गव्हाळ रंग चढतो. तिथेच थांबायचं असतं. गव्हाळ गडद होत तपकिरी झाला की २५० च्या आसपास, मग जांभळा, आणि ३०० च्या सुमारास निळा. निळं पोलाद स्प्रिंगला चांगलं, भाजी कापायला मऊ.

पाणी राखून घासणं

इथून पुढे ग्राइंडरलाही भट्टीच समजा. पट्ट्याखाली धार क्षणार्धात तापते, कारण तिथे उष्णता साठवायला पोलादच नसतं. पात्याने टेम्परिंगमध्ये २१० अंश पाहिलेत. धार त्याच्या वर गेली की तेवढं पाणी उतरलं.

हातमोजे काढा. उघड्या बोटांना जे सोसत नाही ते धारेलाही सोसत नाही, शिवाय मोज्याची शिवण पट्ट्यात अडकली तर हात ओढला जातो. पाण्याची बादली पट्ट्याखालीच ठेवा आणि पातं ओलंच पट्ट्याला लावा. पात्यावरच्या पाण्याच्या पातळ थराकडे नजर ठेवा. तो ओला दिसतो आहे तोवर पोलाद १०० अंशांच्या आत आहे. थर धारेकडून आटत येऊ लागला की पात्याला बादली दाखवा. मी एका वेळी मुठीपासून टोकापर्यंत एकच हात ओढतो आणि बुडवतो. टोकाशी आल्यावर दाब सोडा, रेंगाळू नका.

पट्टा ताजा हवा. झिजलेला पट्टा कापत नाही, नुसता घासून तापवतो, आणि पट्टे वाचवायच्या नादात पाती जातात. ६० नंबरने उतार खाली आणा, कड अर्ध्या मिमीवर आली की १२०, मग २२०. शेवटी धार काढण्याआधीची कड ०.३ मिमीच्या आसपास राहू द्या. ग्राइंडरचा वेग कमी करता येत असेल तर शेवटचे हात अगदी सावकाश.

निळा डाग पडलाच, तर पेपरने पुसून तो दिसेनासा करता येतो, पण त्याखालचं मऊ पोलाद मऊच राहतं. डाग टोकाशी दोन-तीन मिमीचा असेल तर तेवढं टोक थंड राखत घासून टाका, सुरी थोडी आखूड होईल. मोठा असेल तर नॉर्मलायझिंगपासून पुन्हा. स्वतःलाच फसवून पुढे जाऊ नका; पहिल्याच कांद्याला ती सुरी सांगेल.

पोलादाची धूळ बारीक असते आणि फुप्फुसात बसते. एन-९५ मास्क आणि पूर्ण बंद चष्मा दोन्ही हवेत. मुठीच्या लाकडाचा भुसा त्याच जागी साचू देऊ नका, एका ठिणगीने तो तासाभराने पेट घेतो.

पट्ट्याचे ओरखडे हाताने काढायचे. लाकडी ठोकळ्याला वॉटर पेपर गुंडाळा, साबणाच्या पाण्याचे थेंब टाका, २२० ने एका दिशेत, ४०० ने तिरपं, ६०० ने पुन्हा सरळ. दिशा बदलली की मागचे ओरखडे उरलेत का ते लगेच दिसतं. या कामाला एक अख्खी दुपार लागते.

धार आणि पितळेची परीक्षा

धार मूठ बसवायच्या आधी लावा. बहुतेक जण उलटं करतात आणि अडकतात, कारण पाणी कमी-जास्त निघालं तर मुठीसकट पातं ओव्हनमध्ये घालता येत नाही.

४०० च्या दगडावर सुरुवात करा. ३५ मिमी रुंद पात्याची पाठ दगडापासून साधारण ९ मिमी वर धरली की १५ अंशांचा कोन होतो. एका बाजूने घासत राहा, तोवर दुसऱ्या बाजूला अंगठ्याला बारीक मुरड लागेल. कारखान्यात तिला बर म्हणतात. ती पूर्ण लांबीत आली की बाजू बदला. मग १०००, मग ३०००, दर वेळी दाब कमी.

आता ६ मिमीची पितळी सळई शेगड्यात पकडा आणि धार तिच्यावर २० अंशांत टेकवून, हलकं दाबत मुठीपासून टोकापर्यंत ओढा. मागून दिवा असू द्या. सळईवरून जाताना धार किंचित लवते आणि मागे सरळ होते, ते उजेडाच्या रेघेत दिसतं. सरळ झाली तर पाणी नेमकं बसलंय. बारीक कपचे उडाले तर पातं जास्त कडक आहे, २२५ ला आणखी दोन तास ठेवून धार पुन्हा लावा. वाकून तशीच राहिली तर आधी धार फार पातळ झाली का बघा, थोडी मागे घासून पुन्हा तपासा. तरीही वाकलीच तर पाणी कमी पडलंय आणि पातं भट्टीकडे परत.

परीक्षा पास झाली की धारेवर जाड चिकटपट्टी गुंडाळा आणि मूठ बसवा. शिसव किंवा बाभूळ, पितळी रिव्हेट, इपॉक्सी. इपॉक्सी पूर्ण एक दिवस वाळू द्या, आणि मूठ पट्ट्यावर घासतानाही पातं तापू देऊ नका. हे पोलाद गंजतं. वापरून झाली की लगेच धुऊन पुसा, पावसाळ्यात आणि कोकणात तर पुसल्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवा. लिंबू-कांद्याने पात्यावर राखाडी-निळसर छटा चढेल. ती घासून काढू नका, ती गंज सहज धरू देत नाही.